चष्मा, नळी आणि रामाचा सेतू

भिलाई

काशीचं गंगाजल रामेश्वरला नेऊन वाहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्हीही गडू नेला. फक्त त्याच पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, एक रशियन चष्मा आणि एक रबरी नळीही होती. आता परत आल्यावर वाटतं, आम्हाला काही पुण्य लाभलं असेल तर त्यातलं निम्मं त्या टॉवेलातलं असावं.

चष्म्याची हकीकत अशी. पोलाद कारखान्याची रोलिंग मिल उभारायला आलेले निकोलाय साहेब दर रविवारी मरोदा तलावावर जायचे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चष्मा लावायचा, नळीचं एक टोक तोंडात धरायचं, दुसरं पाण्याच्या वर ठेवायचं आणि पालथं पडून तळ बघत तरंगायचं, हा त्यांचा छंद. पहिल्याच रविवारी काठावर कपडे धुणाऱ्या बायांना वाटलं, साहेब गेला. त्यांनी बोंब ठोकली, सुपेल्याच्या बाजारातले दोघे-तिघे भाजीवाले पाण्यात शिरले आणि धडधाकट निकोलाय साहेबांना केसाला धरून काठावर आणून टाकलं. पोट दाबून पाणी काढायचं काम सुरू झालं तेव्हा कुठे साहेबांना बोलायला सवड मिळाली. पुढे मुदत संपून ते मायदेशी निघाले. त्यांच्या क्वार्टरच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला मी गेलो, तर किल्ल्यांबरोबर चष्मा आणि नळी माझ्या हातात आली. "मरोदा, मिट्टी," ते म्हणाले. "समुंदर जाओ. समुंदर!"

किल्ल्या मी घ्यायला गेलो, कारण टाउनशिपच्या क्वार्टर-वाटप कचेरीत मी क्लार्क आहे. आमच्या भिलाईत माणूस भेटला की त्याचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, कोणत्या टाइपच्या क्वार्टरात राहता? ग्रेडप्रमाणे घर, घराप्रमाणे अंगण आणि अंगणाप्रमाणे माणसाची चाल. हे सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे ते माझ्या अंगात किती मुरलं आहे हे मला रामेश्वरपर्यंत कळलं नव्हतं.

जायचं कारण म्हणजे माझी माय. ती मूळची भंडाऱ्याकडची. वडील गेल्यावर आमच्याकडे आली, आणि आल्या दिवसापासून भिलाईवर तिचा राग आहे. जाऊ तिथे खोदलेलं. रस्ता खोदलेला, नळ खोदलेला, आणि प्रत्येक चरावर पाटी, 'काम चालू है'. ती वाचून दाखवली की माय म्हणते, "अजून चालूच हाये का? रामानं एवढ्या मोठ्या समुद्रावर पूल बांधला, बांधून मोकळा झाला. तुमचा कारखाना काई सरत नाही बापा."

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर काढा, नाही तर नजर जाईल. माय म्हणाली, "काढताना डोळाच गेला तं? मी आधी रामाचा सेतू पाहीन. मंगच डोळ्याले हात लावू देईन. त्याच्याआधी कोनी आला तं पाहा." सून रडली, मी रागावलो, डॉक्टरांनी समजावलं. माय ढिम्म. शेवटी रजा टाकली.

बरोबर कोण कोण होतं ते सांगतो. माझी बायको सुमन. आमच्याच गावाकडचा बिसन, जो प्लांटमध्ये रिगर आहे, म्हणजे अवजड यंत्रं दोराने, साखळीने उचलून जागी बसवतो. मायने त्याला सामानासाठी घेतला आणि तो भक्तीसाठी आला. आणि आमचे देशकर साहेब, असिस्टंट इंजिनियर, मूळ नागपूरचे. त्यांच्या बायकोने नवस बोलला होता आणि तिला माहेरच्या बाळंतपणाला जावं लागलं, म्हणून नवस साहेबांच्या गळ्यात पडला होता.

रामेश्वर

गाडीतलं काही सांगत नाही. गाडी सगळीकडे सारखीच. फक्त पांबनचा पूल सांगतो. दोन्ही बाजूंना समुद्र, खाली समुद्र, आणि डबा पुढे चाललेला. देशकर साहेब खिडकीतून रिव्हेट बघत होते. माय डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होती. "हाच का?" तिने विचारलं. मी म्हटलं, हा रेल्वेचा. तिने लगेच मान वळवली.

रामेश्वरचे पुजारी कधीकाळी आपल्या मुलखातून गेलेले, त्यामुळे घरात मराठी बोलतात. पण कोणती मराठी! ज्यांच्या घरी उतरलो त्या पुजारीबुवांनी दारातच विचारलं, "प्रवासात क्लेश तर झाले नाहीत ना? स्नान करून यावे, मग भोजन सिद्ध आहे." बिसनने पिशव्या खाली ठेवून हात जोडले. माय माझ्या कानात म्हणाली, "हा तं पोथीतल्यासारखा बोलून राहिला. याच्यासमोर शिंकता बी येनार नाही."

जेवायला भात, वर आंबट वरण, मग भात, वर पातळ ताक. आम्ही भंडाऱ्याकडची धानाची माणसं, आमची चैन झाली. देशकर साहेब मात्र पोळीवाचून सुकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुजारीबुवांना पोळीचं विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले, "सणास होते." साहेबांनी पुढचा सण कधी आहे तेही विचारून घेतलं.

मंदिरातल्या बावीस विहिरींचं पाणी डोक्यावर घेऊन आम्ही ओलेचिंब बाहेर आलो आणि मी सगळ्यांना वाळूत बसवून चष्म्याचं वाटप जाहीर केलं. चष्मा एकच आणि माणसं पाच, तेव्हा वाटप हवंच. चौकशी करून मी तीन जागा काढल्या होत्या. मंदिरासमोरचं अग्नितीर्थ, गुडघाभर पाणी, लाट नाही. उत्तरेला ओलैकुडा नावाची कोळ्यांची वस्ती, छातीभर पाणी, तळाला गवत आणि मधूनमधून खडक. आणि त्याच्याही पुढे, नावेने जायचं ते प्रवाळाचं रान, तिथे पाय टेकत नाहीत. मी वाळूवर काडीने रेघा ओढल्या. पहिली जागा बायांना, म्हणजे सुमनला. दुसरी मला आणि बिसनला. तिसरी, सर्वांत खोल आणि सर्वांत प्रशस्त, देशकर साहेबांना. माय काठावर, कपडे आणि चिवडा सांभाळायला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी तर हे व्हायचंच होतं अशा थाटात मिशीवर हात फिरवला. कोणाला पोहता येतं, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. क्वार्टर देताना तरी आम्ही कुठे विचारतो, घरात माणसं किती?

अग्नितीर्थ

सुमनने पाचवारी साडी नेसून पाण्यात बसायचा प्रयत्न केला. साडीत हवा भरली आणि ती फुग्यासारखी वर आली. दोनदा बसली, दोनदा वर आली. "मले नको तुमचा चष्मा," म्हणून ती काठावर गेली आणि तिची पाळी मी घेतली.

पालथा झालो आणि डोळे उघडले. अहाहा! सगळ्या हिंदुस्थानचे पाय. जोडवीवाले, पैंजणवाले, भेगाळलेले, मेंदीचे. मधूनच एक झेंडूचा हार हळूहळू बुडत गेला, एक नारळाची शेंडी पोहत आली. मासा एकही नाही. एवढ्या पायांत तो तरी कुठे उभा राहणार? मी तल्लीन झालो होतो. तेवढ्यात एका आजीबाईंना पाण्यातून वर आलेली काळी नळी दिसली. त्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी मनोभावे हात जोडले आणि लोटाभर अर्घ्य बरोबर त्या नळीत सोडलं.

मी ठसकत, ओरडत वर उठलो. आजीबाईंनी मलाही नमस्कार केला.

तरीही नवख्या माणसाने सुरुवात इथेच करावी, असं माझं मत आहे. तळ सपाट वाळूचा आहे, पाणी शांत आहे आणि भक्ती सोडली तर कशाचीही भीती नाही. यात्रेकरू जेवायला जातात त्या वेळी जावं.

ओलैकुडा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोळीवस्तीवर गेलो. तिथे सेबॅस्टियन भेटला. शंख काढण्यासाठी बुड्या मारणारा, नावेचा मालक, आणि तरुणपणी मुंबईच्या गोदीत राहून आलेला, त्यामुळे हिंदीत बढाया मारू शकणारा. "मैं पानी में बीड़ी पी सकता है," असं त्याने पहिल्या भेटीतच सांगितलं.

बिसनने चष्मा लावला आणि लगेच वर आला. "भाऊ, याच्यातून तं धुकं दिसून राहिलं."

"थूको," सेबॅस्टियन म्हणाला.

"कोनावर?"

काचेवर आतून थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि धुवायचं, म्हणजे वाफ धरत नाही, अशी त्याची विद्या. बिसनने रामाची क्षमा मागून थुंकलं आणि डोकं खाली घातलं. मग तो बराच वेळ उठेचना. उठला तेव्हा म्हणाला, "भाऊ, खाली भाजीबाजार भरला हाये. कांदे हायेत, काकड्या हायेत, आनि काकड्या चालून राहिल्या!" ते समुद्रातले जीव, हे सेबॅस्टियनने मागाहून सांगितलं.

साहेबांना राहवेना. "जरा प्रात्यक्षिक घेतो," म्हणून ते कमरभर पाण्यात उभे राहून वाकले. पण चारचौघांत, तेही तीर्थाच्या ठिकाणी, काचेवर थुंकणं त्यांना मान्य नव्हतं. न थुंकता त्यांनी चष्मा लावला. मिशीमुळे तो नाकाखाली नीट बसेना, आत पाणी शिरलं, आणि उरलेल्या काचेवर वाफ धरली. तरी ते बराच वेळ वाकून होते. उठल्यावर म्हणाले, "अप्रतिम! काय रंग आहेत!"

इथे हात मारता येणाऱ्याने यावं. दमलं की उभं राहता येतं, हा या जागेचा मोठा गुण. मात्र सकाळीच यावं. ऊन चढलं की वारा सुटतो आणि पाणी गढूळ होतं.

धनुष्कोडी

आता ज्यासाठी आलो ते. धनुष्कोडीला जमिनीची निमुळती जीभ समुद्रात गेली आहे, आणि तिथूनच सेतू सुरू होतो अशी सगळ्यांची श्रद्धा. माय पहाटेपासून तयार होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं तिने काढलं होतं.

टोकाशी पोचलो. एका हाताला एक समुद्र, दुसऱ्या हाताला दुसरा, आणि समोर दोघांची झुंज. पुजारीबुवा म्हणाले, "माई, हाच तो सेतू. दर्शन घ्यावे."

माय डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. मग थोडी पुढे गेली. मग आणखी थोडी. लुगड्याचा काठ भिजला.

"कुठे हाये?"

"जळाखाली आहे, माई."

"तं मंग खालून दाखवा."

बुवा पोथीतलं काहीतरी म्हणाले. मी पिशवीतून चष्मा काढला, पण तिथल्या कोळ्यांनी हातानेच नाही म्हटलं. तिथल्या पाण्याच्या ओढीत ते स्वतःही उतरत नाहीत. तिसऱ्या जागेच्याही वरची ही जागा, आणि ही कोणाच्याच ग्रेडची नाही. तुम्हीही इथे नुसतं हात जोडून परत या.

माय परत फिरली. भात पुढे आला तो तसाच ठेवला. सुमनने खूप आग्रह केला तेव्हा म्हणाली, "पानी तं मले मरोद्यालेबी दिसते. त्याच्यासाठी एवढ्या दूर कावून आनलं?" आणि थोड्या वेळाने, "डॉक्टरले सांगून देजो. डोळे राहू दे तसेच."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कोणावर काढायचा हे कळेना. तिची नजर जाणार, आणि तीही समुद्रात दगड दिसले नाहीत एवढ्यासाठी.

तोडगा सुमनने काढला. "उद्या साहेबांची नाव जाणारच हाये ना? मायले बी घेऊन चला. त्या सेबॅस्टियनले विचारा, दगड हायेत का म्हणून."

सेबॅस्टियनला विचारलं. "राम का पत्थर?" तो म्हणाला. "अम्मा को बोलो, उधर पत्थर ही पत्थर है." हा माणूस नावेत बसवण्यासाठी काहीही सांगेल हे मला माहीत होतं. पण माझ्याजवळ दुसरं काय होतं?

प्रवाळाचं रान

सकाळी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडला होता. नाव खूप आत गेली आणि एका जागी पाण्याचा रंग बदलला. निळ्यात तपकिरी डाग दिसू लागले. सेबॅस्टियनने नांगर टाकला. खडकाच्या वाऱ्याआडच्या बाजूला नाव लावायची, ओढ नावेकडे येणारी असावी, आणि एक दोर पाण्यात सोडून ठेवावा, हे त्याचे नियम. तिसऱ्या जागेसाठी तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिला मान अर्थातच साहेबांचा. त्यांनी मिशीला खोबरेल तेल चोपडलं, आमच्याकडे पाठ करून हळूच काचेवर थुंकले, आणि बँडसमोर उभं राहावं तसे ताठ उभे राहून उडी घेतली.

ते गेले ते गेलेच. मग नळी वर आली. मग एक हात आला. बिसनने क्षणाचाही विचार न करता दोराचा फास करून टाकला, साहेबांच्या काखेत अडकवला आणि "हळू, हळू, आवाज नको," असं स्वतःशीच पुटपुटत, मिलमधला अवजड रोल उचलावा तसे त्यांना अलगद नावेत आणून ठेवलं. साहेब खोकले. तेल गालांवर ओघळत होतं.

"साहेब, तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही," ते म्हणाले. "मला कोणी विचारलंच नाही."

"पण मग उडी कशाला मारली?"

"नामदेवराव, वाटप तुम्ही केलं होतं."

परत फिरावं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात माय उठली. तिने तळाशी पडलेला चष्मा उचलला, काचेवर सणसणीत थुंकली, बोटाने चोळलं आणि धुतलं.

"माय, खाली बस. पाय टेकत नाहीत इथे."

"मले दिसून राहिलं ना बापा." तिने नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला. "नळी दे."

"माय, तुले..."

ओट्यावरून अंगणात उतरावं तशी ती नावेच्या काठावरून पाण्यात उतरली. बिसनने फास उचलला. सुमन किंचाळली. मी शर्टाची बटणं सोडू लागलो, आणि मलाही पाय टेकतील एवढ्या पाण्यातच पोहता येतं हे मला आठवलं.

माय बुडाली नाही. तिने एकदा दोन्ही हात पसरले, पाय हलवले आणि ती पाण्यावर पालथी झाली. हिरव्या लुगड्याचा फुगा झाला नाही. कासोट्याने ते जिथल्या तिथे धरून ठेवलं होतं. नळीतून फुस्स फुस्स असा संथ आवाज येऊ लागला. पांढरा अंबाडा पाण्यावर, आणि ती निवांत पुढे चाललेली. सेबॅस्टियनने तोंडातली बिडी काढली. "अम्मा किधर का है?" त्याने विचारलं.

माझ्या मायला पोहता येतं. मी तिच्या पोटचा, आणि हे मला माहीत नव्हतं. मला एकदम भरून आलं. थोडी लाजही वाटली. मी तिला काठावर बसवून चिवडा सांभाळायला दिला होता.

ती किती वेळ होती कोण जाणे. आली तेव्हा बिसनने हात दिला तर म्हणाली, "सोड, मी येतो." वर येऊन बसली. कपाळावर चष्म्याचा गोल वण उठला होता.

"माय, तू पोहायला कुठे शिकली?"

"आमच्या गावाले तलाव होता ना केवढा. दिवसभर पान्यातच राहो आमी. कमळाचा पोकळ देठ तोंडात धरून लपो, मायनं हाक मारली तरी निघो नाही. मले कशाले नळी शिकवता? मंग लग्न झालं. तुह्या बापाच्या गावाले विहीर. विहिरीत काय बाया पोहतेत?"

"पण कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी पुसलं?"

देशकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"आनि सेतू दिसला का माय?" बिसनने भीतभीत विचारलं.

माय सेबॅस्टियनकडे वळली. "काहो, हे पत्थर मागच्या सालीबी एवढेच होते?" मी हिंदीत सांगितलं.

सेबॅस्टियनने नकारार्थी मान हलवली. "नहीं अम्मा. ये पत्थर जिंदा है. बढ़ता है. मेरा बाप के टाइम इधर नाव पास होता था, अब नीचे लगता है."

माय पुन्हा पाण्याकडे बघत बसली. काठ येईपर्यंत ती मधूनमधून स्वतःशीच हसत होती. त्या दिवशी तिने दोनदा भात घेतला. डोळ्यांचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

परत भिलाई

देशकर साहेबांनी आल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती पोळी खाल्ली, आणि दुसरी म्हणजे मिशी काढली. पुढच्या खेपेस चष्मा नीट बसावा म्हणून, असं ते सांगतात. बिसन त्यांना रविवारी मरोद्याला पोहायला शिकवतो. निकोलाय साहेबांचा चष्मा मायने देवांच्या खुंटीला टांगला आहे. कोणाला हवा असेल तर मिळेल. पण आधी मी विचारीन, पोहता येतं का?

आणि गेल्या सोमवारी माय आपणहून म्हणाली, "चाल, दवाखान्यात."

आम्ही निघालो. दवाखान्याच्या फाटकाशी बघतो तर रस्ता पुन्हा खोदलेला. गेल्या महिन्यात बुजवलेला चर, तोच, त्याच जागी. काठावर पाटी. मी मनात म्हटलं, झालं, आता ही इथूनच परत फिरते. मी पाटी वाचलीच नाही.

"काय लिहिलं हाये?" तिने विचारलं.

"काम चालू है."

माय चराच्या काठाशी थांबली. खाली मजूर माती काढत होते. त्यांच्याकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग तिने चपला काढून हातात घेतल्या.

"चालू दे, चालू दे," ती म्हणाली. "रामाचं बी अजून चालूच हाये. मी पाहून आलो."

आणि माझ्या खांद्याला धरून तिने चर ओलांडला.